विसाव्याची जागा

कुलथे साहेबांनी चावडीतल्या टेबलावर नकाशा पसरला आणि पंख्याच्या वाऱ्यानं त्याची टोकं उडायला लागली. नुकताच फोडलेला नारळ हाताशी होता. सरपंच जालिंदर आबांनी एका टोकावर एक वाटी ठेवली, दुसऱ्यावर दुसरी, आणि उरलेली टोकं ग्रामसेवक भाऊसाहेबांनी हातांनी दाबून धरली. मग आम्ही सगळे टेबलावर वाकलो.

तांबखडीचा चौक सुधारायचा होता. एसटीच्या थांब्याला नवं छप्पर, चिखलाच्या जागी पेव्हर ब्लॉक, गटारावर झाकणं, म्हाताऱ्यांना बसायला बाकं आणि अंगणवाडीला लागून मुलांचं खेळायचं मैदान. मैदान मी मागितलं होतं. अंगणवाडीची सेविका म्हणून दर ग्रामसभेत मी ते मागायची आणि दर वेळी पुरुषमंडळी हसून पुढचा विषय घ्यायची. आता नकाशावर ते मैदान हिरव्या रंगात होतं आणि मला ते बघून खरोखर आनंद झाला होता. साहेबांनी पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि म्हणाले, "इथं झोपाळे."

पेन्सिल टेकली होती तिथं विसाव्याचा दगड होता.

गावातून तिरडी निघाली की ओढ्याकाठच्या स्मशानात जाताना वाटेत ती एकदा खाली टेकवतात. पुढचे खांदेकरी मागं जातात, मागचे पुढं येतात, मेलेल्या माणसाच्या तोंडावरचं फडकं एकदा सारलं जातं, आणि मग तिरडी पुन्हा उचलतात. बायका तिथवरच जातात आणि तिथून परत फिरतात. ही जागा म्हणजे विसावा. आमचा विसावा म्हणजे वेशीच्या अलीकडचा एक काळा सपाट दगड. त्याच्यावर कधी कुणी बसलं नाही, की कुणी शेळी बांधली नाही.

टेबलाभोवतीच्या प्रत्येकानं ती पेन्सिल बघितली. सदा वाण्यानं घसा खाकरला. भाऊसाहेब छताकडे बघायला लागले. आबा म्हणाले, "छान. रंगबी चांगला दिलाय." नारळ फोडलेल्या कामात मरणाची गोष्ट तोंडातून काढायची नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी नंतर साहेबांना बाजूला घेऊन सांगेल. असं वाटून घेण्यात आमचं गाव फार हुशार आहे. चहा झाला, नकाशावर सह्या झाल्या आणि साहेब तालुक्याला गेले.

मी घरी आले तेव्हा नाना, माझे वडील, ओसरीवरच्या खाटेवर जागेच होते. त्यांच्या पोटात गाठ होती आणि मिरजेच्या डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं होतं. हे मला कळत होतं, शेजाऱ्यांना कळत होतं, नानांनाही कळत होतं. माझा धाकटा भाऊ मुरारी मात्र नवीन औषध लागू पडलं की नाना उठून बसणार असंच धरून चालला होता. घरात आजाराचं कुणी वावगं बोललं की तो ताट सारून उठायचा.

नानांनी मला नकाशावर काय काय आहे ते विचारलं. थांबा, बाकं, गटार, मी सगळं सांगितलं. झोपाळ्यांचं सांगितल्यावर ते हसले. मग म्हणाले, "आन् इसावा?"

मी त्यांचं पांघरूण नीट करायला लागले. गावातल्या तिरड्या नाना बांधायचे. कुणी गेलं की भावकीच्या आधी आमच्या घरी निरोप यायचा. नाना कोयता घेऊन कळक तोडायला निघायचे. त्यांनी एवढी माणसं त्या दगडावर टेकवली होती की त्यांच्यापुढं खोटं बोलणं जमलं नसतं.

"बुजवनार हाईत तर," ते म्हणाले. "कौशे, मला तितंच टेकवा. सरळ घिऊन जाऊ नगा. येवडं बग."

आतून मुरारी आला आणि माझ्यावरच खेकसला, असले विषय नानांपुढं कशाला काढतेस म्हणून. नाना डोळे मिटून पडले. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. नवऱ्याचं घर सोडून मी परत आले त्या दिवशीसुद्धा त्यांनी का म्हणून विचारलं नाही, उठून माझ्या हातातली पिशवी घेतली आणि खुंटीला अडकवली. आता ते काहीतरी मागत होते, आणि ते मला देता येईल असं अजून तरी वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी आबांच्या घरी गेले. त्यांचं घर चौकाच्या तोंडाशीच. आबा माणूस वाईट नव्हता, पण त्यांना कुणाचाही रोष नको असायचा आणि सरपंचाला ते परवडत नाही. मी म्हटलं, झोपाळे थोडे बाजूला घ्या. ते म्हणाले, नकाशा मंजूर झालाय, आता रेघ हलवली तर काम पुन्हा वर जाईल, मार्च उलटेल आणि चौक तसाच चिखलात राहील. मी म्हटलं, मग विसावा दुसरीकडे करा. त्यावर ते आवाज उतरवून म्हणाले, "कुटं करू? तू जागा सांग. ज्याच्या दारात करायचा त्यो व्हय म्हनला तर मी आत्ता दगड उचलतो."

इथंच सगळं अडत होतं. विसावा वेशीच्या आतच लागतो, कारण बायका वेशीबाहेर जात नाहीत. आणि आमच्याकडे समजूत अशी की नवा विसावा ज्याच्या दारात होतो, तो पहिला माणूस त्याच घरातला मागतो. जुन्या दगडाला ही भीती नव्हती, त्यानं काय मागायचं ते आजा-पणजाच्या काळात मागून घेतलेलं. आबांच्या मागं, सोप्यात, त्यांची आई हौसाकाकी तांदूळ निवडत बसली होती. आबांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि पटकन मान वळवली. काकी सुपातून डोकं वर न काढता निवडत राहिली. मला वाटलं, तिला ऐकू आलं नसेल.

मग मी दारोदार फिरले. अंगणवाडी सुटली की चपला घालायच्या आणि निघायचं. सदा वाणी म्हणाला, माझ्या दुकानासमोर गिऱ्हाईक उभं राहणार नाही, त्यापेक्षा शिंप्याच्या दारात बघ. शिंपी म्हणाला, सून गरोदर आहे ताई, तुम्हीच तिचं वजन करता, तुम्हाला ठाऊक आहे. पतसंस्थेच्या साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि वरच्या ऑफिसला विचारावं लागेल म्हणाले. प्रत्येकजण नानांची चौकशी अगदी मनापासून करायचा. प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी नानांनी बांधलेल्या तिरडीवरून गेलं होतं. आणि प्रत्येकानं मला दुसऱ्याचं दार दाखवलं.

मला राग यायचा आणि राग धरावा असं एकही माणूस सापडायचं नाही. शिंप्याची सून खरंच गरोदर होती. मीच तिला गोळ्या देत होते.

शेवटी मी तालुक्याला जाऊन कुलथे साहेबांना गाठलं. ते बिचारे हातातलं काम ठेवून ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाई, मी मोजमापाला आलो तेव्हा त्या दगडाचं विचारलं होतं. दोघातिघांना विचारलं. सगळे म्हणाले, असाच पडलाय कुणाचातरी." त्यांना आता काही करता येत नव्हतं. ठेकेदार उद्याच काम सुरू करणार होता. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले, आणि आपलं रडणं शेजारची बाई बघतेय याचीसुद्धा लाज वाटली नाही.

जेसीबी आला त्या दिवशी मी मुलांना खिचडी वाढत होते. मुलं ताटं टाकून बाहेर पळाली. यंत्रानं तो दगड एका झटक्यात उपटला. जुना दात निघावा तसा तो सहज निघाला आणि खाली ओलसर खड्डा राहिला. दगड गटाराच्या कडेला टाकून दिला. मी घरी जाऊन नानांना हे सांगितलं नाही, पण जेसीबीचा आवाज त्यांनी ओसरीवरून ऐकला होता.

तोवर त्यांचं अन्न सुटलं होतं. एका दुपारी, घरात आम्ही दोघंच असताना, मी त्यांना चमच्यानं पाणी पाजत होते. मला सगळ्याचा वीट आला होता. मी म्हणाले, नाना, तुम्हाला तो दगडच कशाला हवाय? कुणाच्याच दारात होत नाही. सरळ गेलं तर काय बिघडतं?

त्यांना बोलायला दम लागायचा. ते थांबत थांबत म्हणाले, "मला काय, मला कुटंबी चालंल. तुज्यासाटी म्हनतोय."

मला समजलं नाही.

"तुजी आय गेली तवा तू दगडापातुर आलतीस. आयचं त्वांड बगितलंस. बाया वडत हुत्या तरी तू हलंना, दगडावर हात ठिवून हुबी. मी वड्याकडं जाताना वळून बगितलं." त्यांनी एक चमचा पाणी घेतलं. "घरी आल्यावर तू इचारलं न्हाईस, आय कुटं गेली म्हनून. तुला म्हाईत हुतं. मुरारी ल्हान म्हनून त्याला घरातच कोंडून ठिवलाता. त्यो वरीसभर दाराकडं बगायचा. अजूनबी बगतोय."

मग त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "इसावा न्हाई म्हनल्यावर तुला दारातनंच मागं फिरवतील. म्हनून म्हनलं."

मी भांडं खाली ठेवलं. त्यानंतर माझा सगळा संकोच गेला. जगात मला दुसरं काही नकोच होतं.

त्याच आठवड्यात चावडीसमोर ग्रामसभा होती, कामाची माहिती द्यायला. अध्यक्ष आबा. माणसं बरीच होती, मुरारीही मागं उभा होता. बाकांचा रंग कोणता असावा यावर चर्चा चालली होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आमच्या नानांचे दिवस भरत आलेत. ते गेले म्हणजे त्यांना कुठं टेकवायचं, ते आज इथं ठरवा."

मी मुरारीकडे बघितलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. नानांना मी सगळ्या गावादेखत मारून टाकलं, असं त्याला वाटलं असणार. तो निघून गेला. आबा समोरचे कागद सारखे करत म्हणाले, "कौशे, जित्या मानसाचं असं बोलू नये. त्येंना बरं वाटू दे, मग बगू." कुणीतरी मागून म्हणालं की हल्ली सगळीकडे ट्रॅक्टरनंच नेतात, विसाव्याची भानगडच नको. बऱ्याच माना हलल्या. मग पुन्हा बाकांचा विषय निघाला आणि हिरवा रंग ठरला.

मुरारी माझ्याशी बोलायचा बंद झाला. एका घरात राहून आम्ही नानांच्या खाटेच्या दोन बाजूंना बसायचो आणि एकमेकांकडे बघायचो नाही.

नाना सकाळी गेले, दूधवाला येऊन गेल्यावर. मुरारीनं त्यांना हाका मारल्या, खूप वेळ मारल्या. तिरडी बांधायला कुणाला धड जमेना. कळक कुठून कापायचा, सुतळीची गाठ कशी घालायची, सगळे एकमेकांना विचारत होते, कारण ज्याला विचारायचं तो आत निजला होता. शेवटी कशीबशी बांधली. आबांनी ट्रॅक्टर पाठवला होता, पण तेवढी लाज गावाला होती. ज्यानं सगळ्यांच्या तिरड्या बांधल्या त्याला ट्रॉलीत घालायला कुणी तयार झालं नाही. चौघांनी खांदा दिला. मडकं घेऊन मुरारी पुढं झाला.

उंबऱ्यापाशी जाणत्या बायकांनी माझे दंड धरले. म्हणाल्या, आता विसावा नाही, इथूनच फिरायचं असतं. मी त्यांचे हात सोडवले आणि तिरडीमागं चालायला लागले. दोघीतिघी माझ्यामागं आल्या, मला परत न्यायला म्हणून.

चौकात नवे ब्लॉक उन्हानं तापले होते. पलीकडे मैदानाला तारेचं कुंपण झालं होतं आणि फाटकाला कुलूप होतं. फाटकासमोर माझ्या अंगणवाडीतल्या मुलांच्या आया उभ्या होत्या, पदर पुढं ओढून, खाली बघत. मी फाटक उघडायला लावीन या भीतीनं त्या आल्या होत्या. मी तसं केलं नसतं, पण त्यांना मी दोष देत नाही. वाण्याच्या दारात वाणी उभा होता, शिंप्याच्या दारात शिंपी. सगळे हात जोडून उभे होते आणि आपापलं दार अडवून उभे होते.

खांदेकरी पावलं उचलत होते. वेस दिसायला लागली. तिथं मला थांबवणार, हे ठरलेलं होतं. नानांचं तोंड झाकलेलं होतं, आणि ते मी आता कधीच बघणार नव्हते. मी ओरडले, "टेकवा. कुणीतरी टेकवा की रे त्यांना." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तिरडी थांबली, पण खाली येईना. खांद्यांवर तशीच हेलकावत राहिली. पुढं मुरारी मडकं घेऊन पाठमोरा उभा होता.

तेव्हा आबांच्या घराचं दार वाजलं. हौसाकाकी तांब्या घेऊन बाहेर आली. कंबरेत वाकलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तिनं अंगणाच्या कडेला, आपल्या दारासमोर, पाणी शिंपडलं. पायानं दोन खडे बाजूला सारले आणि नानांचं नाव घेऊन म्हणाली, "दौलूला हितं टेकवा."

आबा गर्दीतून धावत आले. "आई, आत जा. तुला कळतंय का काय करतीस?"

"समदं कळतंय. त्या दिवशीबी ऐकलं हुतं." तिनं तांब्या त्यांच्या हातात दिला. "तुज्या बापाला ह्यानंच बांदला. म्होरल्या घरातलं पयलं मानूस जातं म्हनं. मग मी न्हाईतर कोन जानार? तू? काय वंगाळ हाय त्यात?"

आबा तांब्या धरून उभे राहिले. खांदेकऱ्यांनी तिरडी खाली टेकवली. काकीनंच वाकून फडकं सारलं.

नानांच्या हनुवटीवर दाढीचे पांढरे खुंट होते. उठून बसले की स्वतःच करतील म्हणत मुरारी दाढी करू देत नव्हता. मी त्यावर हात ठेवला. मग वर बघितलं आणि मुरारीला हाक मारली. त्यानं मडकं दुसऱ्याच्या हातात दिलं. तो आला, माझ्याशेजारी गुडघ्यावर बसला आणि त्यानं नानांचं तोंड नीट बघितलं. नंतर म्हणाला, "ताई, गेले गं." तेवढंच. त्यानं माझा हात घट्ट धरला होता. माणसं वाट बघत राहिली, कुणी घाई केली नाही.

त्यांनी खांदे बदलले आणि ते वेशीतून ओढ्याकडे उतरले. मी काकीच्या अंगणात उभी राहिले, शेवटचं माणूस दिसेनासं होईपर्यंत.

पुढं आबांनी गटाराकडेचा तो दगड उचलून आणला आणि स्वतःच्या दारात बसवला. हौसाकाकीला त्यानं काही मागून घेतलं नाही. ती त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, आणि दर तिरडीला तांब्या घेऊन बाहेर यायची. दगड म्हातारा झालाय, त्याला आता ऐकू येत नाही, असं ती पोरांना सांगायची. वाण्याची म्हातारी, शिंप्याचा भाऊ, सगळे तिच्या दारात टेकले आणि सगळ्यांच्या घरच्या बायका तिच्या अंगणातून परत फिरल्या.

काकी गेली ती गेल्या वर्षी. तिच्या तिन्ही मुली सासरहून आल्या होत्या, त्याही आता म्हाताऱ्या. तिरडी आबांच्या दारातून उचलली आणि अंगण ओलांडलं तोच विसावा आला. खांदेकरी गोंधळले. खांद्यावर घेतली नाही तोच खाली टेकवायची होती. टेकवली, फडकं सारलं, खांदे बदलले. मग तिरडी उचलली आणि तिन्ही मुली रीतीप्रमाणे तिथंच थांबल्या, आईच्या उंबऱ्यापासून चार पावलांवर. गावातल्या सगळ्या बायकांना आपल्या माणसाबरोबर चौकापर्यंत चालता आलं होतं, आणि काकीच्या मुलींना फक्त अंगण मिळालं. त्या दिवशी तांब्या घेऊन बाहेर येताना तिला हे माहीत होतं. तिला सगळं कळत होतं, असं ती म्हणालीच होती.

मी थोरलीच्या पाठीला हात लावला आणि म्हटलं, "चला."

त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी पुढं निघाले तेव्हा त्या आल्या, मग बाकीच्या बायकाही आल्या. पुढं मडकं घेतलेले आबा चालत होते. पायांचा आवाज ऐकून त्यांनी मागं बघितलं, आणि ते पुढं चालत राहिले. आम्ही हिरव्या बाकांसमोरून, कुंपणाच्या कडेनं, जुना दगड होता त्या झोपाळ्यांपर्यंत गेलो. झोपाळ्यांवरची मुलं खाली उतरून उभी राहिली. तिथून आम्ही परत फिरलो.